हिलालनाना दांडा का बदलत नव्हते

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. बायको म्हणते, शाळेत पोरांना प्रश्न विचारून तुमचं पोट भरत नाही. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शिंदखेड्याला आमचे शेजारी हिलालनाना कुऱ्हाडीच्या एका जुन्या दांड्यावर अडून बसले होते, आणि ते का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

नाना लग्नघरची लाकडं फोडायचे. वरण-बट्टीच्या चुली त्यांच्या लाकडांवर पेटायच्या. साठी उलटलेली, अंगात थोडं मांस आणि बाकी सगळा हट्ट. त्यांची बायको, द्रौपदाबाई, कायम बरोबर असायच्या. त्या ओंडका उभा करून देत, नाना फोडत. त्या चैत्रात एका लग्नात नानांच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि वरणाच्या पातेल्यापासून दोन हातांवर जाऊन रुतलं. कुणाला लागलं नाही, पण गावभर बोभाटा झाला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लीलाधर पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. काम आधीच ठरलेलं, तरी त्याने निरोप धाडला, "आधी कुऱ्हाड दाखवा, मगच लाकडांना हात लावा." तिथून परत पाठवलं असतं तर नानांना पुन्हा कुणी बोलावलं नसतं, आणि घर त्या कुऱ्हाडीवरच चालत होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. भाईदास सुतार तर बाभळीचा नवाकोरा दांडा तासून दारात घेऊन आला. नानांनी तो हातात फिरवला आणि परत दिला. मी म्हटलं, मग कुऱ्हाड पाण्यात तरी बुडवून ठेवा, लाकूड फुगतं, असं शास्त्र आहे.

"दोन दिन घट्ट ऱ्हास, गुरुजी. मंग जास्तीच ढिली व्हस," नाना म्हणाले. माझ्या शास्त्राचा तिथल्या तिथे निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले. मीही जाऊन बसलो. शाळेला सुट्टी होती आणि नसती तरी गेलो असतो. त्यांनी जुनी पाचर ठोकून काढली. पात्याच्या भोकातला गंज खरवडला. दांड्याचं टोक काचेच्या तुकड्याने तासलं, पात्यात घातलं. मग काय केलं, तर कुऱ्हाड उलटी धरली. पातं खाली लोंबतंय, दांड्याचा बुडखा वर. त्या बुडख्यावर मोगरी हाणली. मला वाटलं, पातं आता पायावर पडणार. ते पडलं नाही. प्रत्येक ठोक्याला ते थोडं थोडं दांड्यावर वर चढत गेलं. आठवीला जडत्व शिकवत मला सहा वर्षं झाली होती. ते डोळ्यांनी मात्र त्या दिवशी दिसलं.

आणखी एक गोष्ट दिसली. एवढं नाजूक काम चाललेलं, आणि नाना बघत होते रस्त्याकडे. दांड्यावर त्यांच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं पाडलेला एक खळगा होता. तो अंगठ्याने चाचपून, त्याच्या सरळ रेषेत पात्याची धार आली का, हे ते बोटाने पाहत होते.

"नाना, तुम्हाला दिसत नाही?"

द्रौपदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"दोन्ही डोळासमा मोतीबिंदू शे," नाना हळूच म्हणाले. "सावल्या दखातस फक्त. नवा दांडानी हातले वळख नही, गुरुजी. कुऱ्हाड कोठे पडी, हाई समजाव नही. आनि हिना हात तठेच ऱ्हास." त्यांनी द्रौपदाबाईंकडे मान वळवली.

माझं डोकंच सणकलं. "आणि तरी तुम्ही यांना कुऱ्हाडीखाली बसवता?"

"मी नही बसनी ते लाकूड कोठे शे, हाई त्यासले कोन सांगी?" द्रौपदाबाईच उलट माझ्यावर खेकसल्या.

मग त्यांनीच सांगितलं. त्या ओंडका धरतात, काडीने टकटक करतात, 'हां' म्हणतात आणि हात काढतात. डोळ्यांचं शिबिर धुळ्याला थेट थंडीत होतं. तोवर लग्नसराई निभवायची होती. नानांनी वाळक्या बाभळीची पाचर ठोकली आणि कुऱ्हाड द्रौपदाबाईंकडे दिली. त्यांनी ती हलवून पाहिली, उंबऱ्यावर आपटून पाहिली, दोनदा परत दिली. तिसऱ्यांदा मान हलवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मीही लीलाधरच्या खळ्यात हजर. त्याने पातं ओढून पाहिलं, दगडावर आपटलं. जागचं हललं नाही. खूश झाला. नाना उभे राहिले, द्रौपदाबाई ओंडक्याशी बसल्या, तेवढ्यात तो म्हणाला, "अक्का, तुम्ही दूर सरका. परत उडनी ते?"

दोघंही जागच्या जागी थिजली. त्या उठल्या असत्या तर नानांना ओंडका सापडला नसता, आणि का उठत नाही हे सांगितलं असतं तर काम गेलं असतं. मला दोघांचा राग आला, लीलाधरचा आला, सगळ्यात जास्त माझ्या चौकसपणाचा आला. मी मांडवातली खुर्ची उचलली आणि नानांच्या बरोबर समोर, पातं उडालं तर जिथे येईल तिथे, मांडून बसलो.

"पाचर माझ्यासमोर ठोकलीय, लीलाधरभाऊ. मी इथं बसतो, अक्कांना तिथं बसू द्या."

लीलाधर ओशाळून हसला आणि बाजूला झाला. मला भयंकर भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. द्रौपदाबाईंनी काडीने टकटक केली. नानांचा अंगठा खळग्यात बसला, कुऱ्हाड वर गेली.

"हां."

मी डोळे घट्ट मिटून घेतले. धप्प आवाज झाला. डोळे उघडले ते थेट द्रौपदाबाईंच्या हातावर, आणि आधी त्यांची बोटं मोजली. त्या पुढचा ओंडका उभा करत होत्या.