चुलीत गेलेली खुंटी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, जो दुर्बिणीला डोळा लावून तासन्‌तास एका जागी उभा राहायचा. नवरा कॅनॉलच्या मोजणीवर मिस्तरी होता. साठ सालानंतरची, पांढरकवड्याकडची गोष्ट आहे. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं, फक्त दोघं, कुठे म्हणजे कुठेच गेलो नव्हतो. बाजारालासुद्धा सासूबाई सोबत असायच्या.

म्हणून सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत तो आपणहून म्हणाला, की धरणाशी मोठमोठे पुतळे उभे राहतायत आणि कॅनॉलला चाचणीचं पाणी सोडलंय, चल दाखवतो, तेव्हा त्याचा बेत बदलायच्या आत मी भाकऱ्या थापून मोकळी झाले. दोन वर्षांचा मुलगा झोपेत असतानाच त्याला सासूबाईंजवळ ठेवून निघालो. हैदराबादच्या रस्त्यानं जाणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकनं आम्हाला फाट्यावर सोडलं. चार वाजता तोच ट्रक परत न्यायला येणार होता.

फाट्यापासून कोसभर चाल. नवऱ्यानं पुढं आणि बायकोनं दहा पावलं मागं, ही तेव्हाची रीत. मला काही ते जमेना. मी सारखी त्याला गाठायची आणि तो, कुणी पाहतंय की काय म्हणून, इकडेतिकडे बघत पुन्हा पुढं सटकायचा.

पुतळे लांबूनच दिसले. शेतकरी, त्याची घागर घेतलेली बायको आणि बैलजोडी. आत लोखंडी सळया, त्यावर जाळी, त्यावर सिमेंट. शेतकऱ्याच्या पायाचा अंगठा माझ्या गुडघ्याला लागत होता. बैलांना अजून शिंगं नव्हती, डोक्यातून नुसत्या सळया बाहेर आलेल्या. बाईला तर तोंडच केलेलं नव्हतं. मी मान मागे टाकून शेतकऱ्याचं तोंड पाहिलं आणि थबकले. बसकं नाक, लोंबता खालचा ओठ, एक भुवई मधेच तुटलेली. हा तर आमचा खलाशी!

पूर्वी आम्ही कॅनॉलच्या कडेला तंबूत राहत होतो, तेव्हा मोजणीची पट्टी धरायला तो होता; अशा गड्याला मोजणीवाले खलाशी म्हणत. झरीकडच्या पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरचा माणूस. मी पोटुशी होते, तर नाल्यावरून माझ्या घागरी तोच भरून आणायचा, मी न सांगता. पुढे मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि परत आले तेव्हा तो नव्हता. गेला आपल्या गावाला, असं नवऱ्यानं सांगितलं होतं.

आता तो परांचीवर उभा होता; मूर्तिकारानं त्यालाच समोर बसवून तोंड घडवलं असावं. सिमेंट ओलं राहावं म्हणून दोरानं बादली वर ओढायचा आणि स्वतःच्याच त्या अवाढव्य तोंडावर पाणी मारायचा. मला हसू आलं. मी हात हलवला. त्यानं मला हात जोडले, नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"चोराचं तोंड लावलं बाप्पा पुतळ्याले," नवरा म्हणाला.

चोर कसा, असं मी विचारलं, आणि चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. खलाशी आपणहून गेला नव्हता. मी माहेरी असताना मोजणीचा हिशेब जुळेना, तीन दिवस वाया गेले. शेवटी आमच्या तंबूमागची मोजणीची खुंटी चार बोटं वर आलेली सापडली, आणि तिचं लाकूडही निराळं. खलाशानंच मूळची खुंटी चुलीत घातली असणार, दुसरा कोण होता तिथं? विचारलं तर हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसता उभा राहिला. मग यानं साहेबांना सांगून त्याची रोजी बंद करवली.

ती खुंटी मी जाळली होती.

एका दुपारी साहेब अचानक चहाला आले होते आणि फोडलेलं सरपण संपलं होतं. तंबूमागे चांगली वाळकी खुंटी रोवलेली. उपटली, चिरफाळ्या केल्या, चहा झाला. साहेब गेल्यावर खुंट्यांच्या गठ्ठ्यातली दुसरी, ओली खुंटी त्याच भोकात बत्त्यानं ठोकून दिली आणि विसरून गेले. खुंटीच्या माथ्यावरून पाण्याची उंची धरतात, हे मला कुणी सांगितलं होतं? पण हे मनाला समजावणं झालं. विचारलं मीही नव्हतं.

पुढचा तासभर नवरा रंगात आला होता. नाल्यावरून पाणी नेणारा दगडी पूल दाखवला, खाली नाला आणि वर कॅनॉल. एवढ्या लांबीत एवढाच उतार, चार बोटं चुकली असती तर पाणी या वळणावर तुंबलं असतं, असं तो हात करकरून सांगत होता. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. याच दिवसाची मी चार वर्षं वाट पाहिली होती, आणि मला नुसतं तिथून पळावंसं वाटत होतं. मी पदराचं टोक पिळत होते, बसत होते, उठत होते.

तंबूच्या जुन्या जागेशी आम्ही भाकर सोडली. समोरून गढूळ पाणी शांतपणे चाललं होतं.

"थे खुंटी म्या जाळली," मी म्हणाले. "साहेबाच्या चहाले."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला तुकडा त्यानं फडक्यावर ठेवला. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण तो हळू आवाजात म्हणाला, "आता सांगून काय फायदा? साहेबापुढं माहं काय राहीन?"

मी म्हटलं, साहेबाचं तुम्ही बघा, मी त्याला सांगायला जाते. तो म्हणाला, ट्रक चुकेल. मी म्हटलं, चुकू दे. आणि मी उठले. त्या दिवशी पहिल्यांदा मी पुढे होते आणि मागे वळून पाहिलं नाही.

परांचीखाली पोचले तेव्हा छाती धपापत होती. मी त्याला खाली बोलावलं. तो उतरला, ओले हात धोतराला पुसत उभा राहिला, आणि मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आजूबाजूचे मजूर ऐकत होते, त्याचंही मला भान नव्हतं.

"मले मालूम हाये बाई," तो म्हणाला. "तुमी बत्त्यानं ठोकून राह्यल्या होत्या, तवा म्या पाह्यलं."

"मंग सांगितलं काहून नाई?"

त्यानं वर पुतळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मिस्तरी तापट. रागारागात, परत येऊ नोको म्हून, माहेरी चिठ्ठी धाडली असती त्यायनं. अन् तुमाले तवा दिवस भरत आले होते."

घरी झोपेत ठेवून आलेला मुलगा आठवला. लाजेनं मेल्यासारखं झालं. मागे वाळूवर पावलं वाजली, नवरा येऊन उभा होता. किती वेळचा, कोण जाणे. त्याचं तोंड उतरलं होतं.

खलाशानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पुन्हा वर चढला आणि त्यानं दोर खाली सोडला.

खाली बादली रिकामी पडली होती. नवरा पुढे झाला, वाकून त्यानं ती हौदातून भरली, दोराला अडकवली आणि वर पाहत उभा राहिला. बराच वेळ दोर हलला नाही. मग वरून एक हिसका बसला आणि बादली हळूहळू वर गेली. नवरा म्हणाला, "तू बस जराशी." आणि दुसरी बादली भरायला लागला.

चारचा ट्रक आम्ही नसताना गेला.