कोण कोणाला टेकलंय

जुनी शेड काढायची म्हटली की लोक आत्यांचं घर दाखवत. त्या साऱ्या गल्लीच्याच आत्या. सख्ख्या भाच्यांना आपला हक्क सांगायला रांगेत उभं राहावं लागे. वय साठीच्या घरात, अंगाने काडी, पण हाताची पकड अशी की एकदा हात मिळवलेला माणूस बोटं शाबूत आहेत का ते चाचपून बघायचा. ‘पाडणं’ हा शब्द त्यांना खपत नसे. त्या म्हणत, पाडायला अक्कल लागत नाही, वारासुद्धा पाडतो, आम्ही उतरवतो.

हे काम मूळचं त्यांच्या यजमानांचं. एका शेडचे पत्रे काढायच्या आधीच यजमानांनी खांबाला करवत लावली, छप्पर कमरेवर घेतलं आणि कायमचे खुर्चीत बसले. मग आत्यांनी करवत उचलली. पहिला महिनाभर यजमान खुर्चीतून सूचना देत. दुसऱ्या महिन्यात खुर्ची तीच, सूचना आत्यांच्या. सोबतीला धाकटा दीर होता, अंगाने दांडगा आणि बोलायला महाकंजूष. आत्यांचा नेम एकच: शेवटी चढलं ते आधी उतरणार. आधी पत्रे, मग वासे, मग खांब. एक शेड तर त्यांनी तीन मालकांच्या तीन अंगणांतून तीनदा उतरवली. तिसऱ्या वेळी म्हणे पत्र्यांनी त्यांना ओळखलं आणि नट आपणहून सैल झाले. दीर तिथे होता, पण त्याला विचारून उपयोग नाही.

तर एकदा शिंप्याने त्यांना बोलावलं. त्याची बायको पाय मोडून सात महिने घरातच होती. हाड अजून पुरतं जुळलं नव्हतं. चाकांची खुर्ची आणली होती, पण पुढे दुकानाच्या पाच पायऱ्या आणि मागे अंगणभर शेड, त्यामुळे खुर्चीवर शिवायला आलेले कपडे बसत आणि बाई खाटेवर. शेड गेली की मागच्या गल्लीत थेट सपाट वाट. जावयाने शेड पाडायला मशीनवाला ठरवलाही होता. अर्ध्या तासात साफ करतो म्हणाला होता. पण शिंपी कापड कापायच्या आधी तीनदा मापणारा. त्याला वाटलं, आत्यांची नजर फिरवून घ्यावी.

शेड स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती आणि समोरून इतकी तिरकी दिसे, की जाणारा-येणारा म्हणे, भिंत आहे म्हणून उभी आहे बिचारी. आत्या आत शिरल्या. खिशातून ओळंबा काढला, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, आणि भिंतीलगतच्या खांबाशी सोडला. खांब सुतासारखा सरळ. मग भिंतीशी सोडला. वरच्या अंगाला भिंत तीन बोटं बाहेर.

“शिंपीदादा,” आत्या म्हणाल्या, “शेड भिंतीला टेकलेली नाही. भिंत शेडला टेकलीय.”

मशीनने शेड ओढली असती तर मागोमाग स्वयंपाकघर आलं असतं, आणि बाईंची खाट त्याच भिंतीच्या पलीकडे. जावई हसत होता तो हसायचा थांबला. आत्यांनी सगळं सांगितलं: आधी भिंतीला धिरे, म्हणजे तिरपे टेकू द्यायचे, शेड नंतर, मग गवंड्याकडून आधाराचे दोन खांब. महिना तरी जाईल. शिंप्याचं तोंड उतरलं. धिरे भिंतीला देता येतात, त्याला धीर कोण देणार? राहू दे तर मग, म्हणाला. आहे ते उभं आहे, कशाला हात लावा.

आतून बाई बोलल्या. “सात महिने मी त्या भिंतीकडे बघतेय. तिला टेकायला शेड मिळाली, मला खाट. आता दोघींनाही उठवा.”

यावर नाही म्हणायची शिंप्याची टाप नव्हती.

आत्यांनी मीटरवरून वीज तोडून घेतली, तरी प्रत्येक वायरला टेस्टर लावून पाहिला. दिराने शेडच्या पोटातच तीन दणकट धिरे उभे केले, बुडाशी फळ्या, फळ्यांखाली पाचरी. पत्रे जुने, सिमेंटचे. जावई म्हणाला, एक लाथ घातली की मोकळं. आत्यांनी त्याच्या तोंडाला मास्क बांधला आणि हातात पाण्याचा पाइप दिला. ही धूळ छातीत गेली की निघत नाही, म्हणून पत्रे भिजवायचे, नट सोडवून अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून असल्या पत्र्यांसाठीच्या वेगळ्या कचराडेपोत पाठवायचे. जावयाने दिवसभर पाणी मारलं. संध्याकाळी सासूला सांगताना मात्र निम्मं काम त्यानेच केलं होतं.

भिंतीलगतच्या खांबांची पाळी आली त्या सकाळी बाईंना उचलून पुढे दुकानात नेलं. भिंतीवर एक जुनी भेग होती. आत्यांनी शिंप्याकडून कपड्यावर खुणा करायचा खडू मागितला आणि भेगेवरून आडवी रेघ मारायला लावली. रेघ तुटली तर भिंत हलली. तुम्ही फक्त रेघेकडे बघा, त्यांनी बजावलं. शिंपी सुईत दोरा ओवताना बघतो तसा बघत राहिला.

एक खांब निघाला. दुसरा निघाला. तिसरा घट्ट बसला होता. भिंतीचा सगळा भार त्याच्यावर. दिराने पाचर ठोकून धिरा कणभर वर चढवला. लाकूड कुरकुरलं. वरून थोडी माती गळली. खांब सुटला आणि दिराच्या खांद्यावर आला.

सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिलं.

“रेघ अख्खी आहे,” शिंपी म्हणाला.

“बरं झालं, वहिनी,” दीर म्हणाला. त्याचं त्या आठवड्यातलं तेवढंच भाषण.

गवंडी आला तेव्हा बाईंनी खुर्ची खिडकीशी आणायला लावली आणि आधाराच्या दोन खांबांमधल्या वाटेचं माप स्वतः दिलं. गवंड्याने चाकापासून चाकापर्यंत टेप लावली. बाई म्हणाल्या, चाकांवर हात असतात, दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त धर. गवंडी कुरकुरला आणि चारची पाच धरली.

बांधकाम वाळलं, आत्यांनी धिरे एकेक करून सोडवले, भिंत आपल्या पायावर उभी राहिली. बाईंची खुर्ची मागच्या दारातून बाहेर आली. शिंपी ढकलायला धावला तर त्यांनी त्याचा हात झटकला. अंगणातून गल्लीत, गल्लीतून डावीकडे. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शिंपी दारात येरझाऱ्या घालू लागला. एवढ्या वेळात तीन वेळा परत यायला हवी होती, हाक मारू का, असं त्याने आत्यांना विचारलं.

आत्या करवत फडक्यात गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, सात महिन्यांचं बोलणं साठलंय तिचं, अजून दोन घरंसुद्धा झाली नसतील. तुम्ही आपला भात टाका.

शिंप्याने भात टाकला. तो शिजला, निवला, तरी बाईंचा पत्ता नव्हता.