दुसऱ्या भागातलं पिल्लू

माझी श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत माणूस जाणार कुठं? बसतो आणि बोलतो. त्यात मला चौकशीची खोड, आणि ती मेल्याशिवाय जायची नाही. त्यामुळे माझ्या लेकीच्या पिक्चरवर गावानं काय काय तोंडसुख घेतलं, ते तिच्या आधी माझ्या कानावर आलं.

पिक्चर म्हणजे दुसरा भाग. पहिला माझ्या भाच्यानं, भावाच्या मुलानं, काढला होता. आभाळातून काहीतरी उसात पडतं, शेळ्या खातं, मग राखणदाराला खातं, आणि शेवटी भाचा स्वतःच हिरो होऊन ऊस पेटवतो आणि त्याला जाळून मारतो, अशी गोष्ट. ते आभाळातलं जनावर आम्हीच घरी केलेलं, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि खताच्या गोण्या जोडून. तरी पोरं घाबरली! भाच्याच्या चॅनलवर तो असा चालला, की त्याचे पाय जमिनीला टेकेनात.

पुढच्या भागाला त्याला सवड नव्हती. लेक म्हणाली, "मी काढते." श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लासात शिकवते ती. पहिल्या भागात नुसती शूटिंगची पाटी धरून उभी राहिलेली. भाचा म्हणाला, "काढ, पण जनावर मोठं कर आणि मारामारी डबल कर." तिनं मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे त्याला कळायला हवं होतं. पोरगी माझी आहे.

तिनं जनावर लहान केलं. ऊसतोड चालू असते आणि फडात तसल्याच दुसऱ्या जनावराचं पिल्लू सापडतं. मऊ, ओलं, डोळे मिटलेलं. गाव कोयते घेऊन धावतं. तेवढ्यात एक म्हातारी म्हणते, "बिबट्याच्या पिल्लांचं करतो तसंच करू." आमच्याकडं हे पोराटोरालाही ठाऊक. उसात बिबट्याची पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती कॅरेटमध्ये, म्हणजे भाजीच्या प्लास्टिकच्या खोक्यात घालून, दिवस मावळताना होती तिथंच ठेवतात. मग मादी येते आणि मानगुटीला धरून एकेक घेऊन जाते. पिक्चरमध्येही टोमॅटोचं कॅरेट आणतात, पिल्लू ठेवतात, आणि सगळे दारं लावून घेतात. बाहेर ऊस सळसळतो. कितीतरी वेळ नुसतं कॅरेट दिसत राहतं. संपला पिक्चर.

आमच्या समाजमंदिरात रविवारी दुपारी दाखवला, खिडक्यांना ताडपत्र्या लावून. दिवा लागला तरी कुणी उठेना. मग एकदम कालवा झाला. एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "आमाला भूत दाखवतो म्हनून बोलावलं आन् खोकं दाखवलं!" मागून पोरं ओरडली, "जनावर कुठंय, जनावर?" आणि त्याच गर्दीत दोन बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मी तर चाटच पडले. एकच कॅरेट, एकाला राग, एकाला रडू. असं कसं?

पण लेकीचं लक्ष त्या कुणाकडंच नव्हतं. पिल्लू कॅरेटमध्ये ठेवताना एक बाई उठून गेली होती, ते तिनं बघितलं होतं. ही बाई शेतातल्या वस्तीवर राहते. तिच्या लहान मुलीला बिबट्यानं अंगणातून ओढलं, तेव्हा हिनं हातातली बादली त्याच्या तोंडावर हाणून पोर सोडवली. पोरीच्या खांद्यावरच्या खुणा अजून आहेत. त्या मुलीला काखेत घेऊन ती भर पिक्चरमधून निघून गेली.

घरी भाचा म्हणाला, "आत्या, शेवटी पिल्लाला आणि त्याच्या आईला जाळलेलं दाखवायला सांग हिला. नाहीतर माझ्या चॅनलवर नाही टाकणार." लेक मला म्हणाली, "आई, ह्याच्या सांगण्यानं मी काही बदलणार नाही. पण त्या ताईंना लागलं असेल ना? त्यांच्या पोरीचं असं झालं आणि मी जनावराची माया दाखवत बसले. त्या म्हणाल्या तर शेवट काढून टाकते." जेवलीही नाही नीट. एवढ्या हौसेनं केलेलं काम. माझा जीव तुटत होता.

मग मी गिरणीवर ज्याला त्याला विचारायला लागले. एकजण म्हणाला, जनावराला दया दाखवणारे कधी वस्तीवर राहिलेत का? दुसरी म्हणाली, रात्रभर मला झोप न्हाई, असला भारी पिक्चर! दोघं माझ्यासमोर भांडली आणि पीठ विसरून गेली. पण जिला विचारायचं होतं, ती येईना.

एकदाची आली, बाजरी घेऊन. मला कुठला दम निघतोय! "अगं, मधूनच उठून गेलीस. राग आला का? खरं सांग. पोरगी शेवट काढून टाकायला बसलीय."

ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या मावशी. आदी सांगा, आली का?"

"कोण?"

"त्या पिल्लाची आई."

मी म्हटलं, "ते दाखवलंच नाही. कॅरेटवरच संपतो."

ती गिरणीच्या ओट्यावर बसली. "आमच्या पोरीला वढलं, त्या बिबट्याला पिंजऱ्यात धरलं ना, तवा मी बघायला गेल्ते. शिव्या द्यायच्या म्हनून गेल्ते. तर ती मादी. थानं दुधानं भरलेली. टेम्पोत घालून नेली तिला. तिची पिल्लं उसात कुठं हुती, कुनी बघितलंच न्हाई. लई दिवस ऊस हलला की मला वाटायचं, तीच हाका मारत्यात." तिनं माझा हात धरला. "मला ते खोकं बघवंना मावशी. तुमच्या पोरीला म्हनावं, आलेली दाखव. एकदा तरी येऊ दे."

लेकीनं शेवट बदलला. आता सकाळ होते आणि कॅरेट रिकामं दिसतं, भोवतीच्या मातीत मोठी पावलं. भाच्यानं तो टाकला नाहीच. लेकीनं स्वतःचा चॅनल काढला. तिथं बघणारे थोडे आणि भांडणारे जास्त.

ती बाई पुढच्या खेपेला आली तेव्हा मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं हातानं बाजूला सारला. "मी न्हाई बघनार. तुमीच सांगा."

"आली," मी म्हटलं. "घेऊन गेली."

ती पदर तोंडाला लावून रडली. मी गिरणी बंद केली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.