बाटली त्याच टाकीची

"आधी बाटली आणा, मग बोला." हीटर मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री हेच म्हणत. पुढे केलेला कागद ते वाचतही नसत. "कागदावर कायबी लिवत्यात, साहेब. टाकीत काय हाय ते टाकीलाच म्हाईत."

सांगलीत त्यांचं लहानसं दुकान होतं. कारखान्यांच्या टाक्यांतलं तेल, पाणी, ॲसिड तापवायचे हीटर ते स्वतः बनवत. टाकीत जे असेल तेच बाटलीत भरून न्यायचं. मिस्त्री त्यात वेगवेगळ्या धातूंच्या नळ्यांचे तुकडे दोऱ्याने सोडून आठ दिवस बघत. जो तुकडा झिजणार नाही, त्या धातूचा हीटर. तेलाला मात्र मुद्दाम मंद तापणारा देत. "तेलाला घाई केली की करपतंय." मागच्या खोलीतून त्यांची बायको, आमच्या भाभी, म्हणत, "सोताला चहा करता येत न्हाई, आन् लोकास्नी शिकवत्यात!"

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आपण त्यांच्या पद्धतीला हसतो आणि काम त्यांच्याकडूनच करून घेतो.

मी तेव्हा साताऱ्यात मुलाम्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. ॲसिडच्या टाकीला हीटर हवा होता. ती टाकी शेडच्या पार टोकाला, वाफेने डोळे चुरचुरायचे. सांगलीची एसटी सुटायला आली होती. दाराजवळ सोड्याच्या पाण्याची टाकी होती. मी तिच्यातून बाटली भरली. मिस्त्रींची बाटली मला तोवर नुसता सोपस्कार वाटायला लागली होती.

मिस्त्रींनी दिलेला हीटर बसवल्यावर महिन्याभरात ॲसिडने त्याची नळी खाल्ली आणि टाकीत करंट उतरला. टाकीला टेकलेला एक कामगार फेकला गेला. त्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही.

मालकांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्रींनी नळीवरून अंगठा फिरवला. त्यांना सगळं तेव्हाच कळलं असणार.

"साहेब, बाटली त्याच टाकीची हुती न्हवं?"

मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो."

मिस्त्रींनी नळी खाली ठेवली. "साहेब म्हणत्यात तर तसंच आसंल."

पुढे एकाही कारखान्याने त्यांना काम दिलं नाही. ते लोकांचे गीझर दुरुस्त करत बसले. सांगलीला गेलो की मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. एकदा त्यांनी पाहिलं, चहाला बोलावतात तसा हात केला. मी घड्याळ बघत पुढे गेलो.

गेल्या महिन्यात धीर करून विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री जाऊन चार महिने झाले होते. भाभींना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत.

"मला कशाला सांगताय? त्यांचं चुकलं न्हवतं, मला म्हाईत हाय. ज्यास्नी खोटं सांगितलं त्यास्नी सांगा."

मालक आता नाहीत. तो कामगार खंडाळ्याला असतो. परवा त्याच्याकडे गेलो. त्याने ओळखलं, डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली. "बसा साहेब. लय वर्सांनी! त्या मिस्त्रीनं माझा हात घालवला, दुसरं काय."

मी बसलो नाही. म्हणालो, "मिस्त्रींनी नाही. मी."