स्विच बंद केल्यावर उरलेले व्होल्ट

१४ जानेवारी. गोठणारा पाऊस, पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीवर बर्फाची काच.

व्होल्टेज कन्व्हर्टर प्रत्यक्ष बनवण्याआधी आम्ही तो कॉम्प्युटरवर चालवून बघतो. दिवसभर खोट्या विजेसोबत बसलं की चमत्कारिक किस्से साठतातच. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या ऑफिसातले हे तीन.

तन्वी इथेच जन्मलेली, मला मावशी म्हणते. एकदा ती मॉडेलला इनपुट द्यायचंच विसरली. तरी आउटपुट हळूहळू डोलायला लागलं.

"मावशी, धिस इज क्रीपी. मी काहीच दिलं नाही."

मी समजावलं, कॉम्प्युटर आकडे राउंड करतो. तेवढ्या चिमूटभर चुकीवरही सर्किट हलायला लागतं.

"सो इट्स फीडिंग ऑन मिस्टेक्स?"

तेव्हापासून ती जेवायला जाताना स्क्रीन बंद करून जाते.

प्रणय नागपूरचा. सर्किटमधला डोळा लवण्याइतका वेळ मोजायला कॉम्प्युटरला अख्खी दुपार लागते. अशाच एका दुपारी तो म्हणाला, "ताई, त्या सर्किटमधून कोणी आपल्याकडे पाहून राहिलं असेल, तर त्याला आपण किती भराभर म्हातारे होताना दिसत असू?"



तिसरा आजचा. स्विच बंद केला तरी कन्व्हर्टरच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज उरतं. रेझिस्टर नावाचा एक छोटा पार्ट ते दोन मिनिटांत उतरवतो. मॉडेलमध्येही तसंच होतं. आज होईना. स्क्रीनवरची व्होल्टेजची रेषा ३९० व्होल्टवर आडवी. फाइल कालचीच, रेझिस्टर जागेवर, त्याचा आकडा बरोबर. पुन्हा चालवली, पुन्हा तेच.

मी उठून लॅबमध्ये गेले. प्रणय याच कन्व्हर्टरच्या खऱ्या बोर्डचा एक पार्ट काढायला बसला होता. आमचा रिवाज असा, की हात लावणाऱ्याने विचारायचं आणि मीटर बघणाऱ्याने उत्तर द्यायचं.

"शून्य?" प्रणयने विचारलं.

"शून्य," मीटरकडे बघत तन्वी म्हणाली.

"थांब," मी दारातूनच म्हटलं. "मॉडेल उतरत नाहीये."

"बोर्ड सकाळपासून बंद आहे, ताई. मॉडेलला काय समजते?"

"नसेल समजत. माझ्यासाठी दुसरा मीटर लाव."

त्याने हसत लावला. ३९०.

त्याने हात मांडीवर घेतला. पहिल्या मीटरची वायर आतून तुटलेली निघाली. बोर्डवरचा रेझिस्टर मधोमध तडकला होता.

बोर्डमधलं व्होल्टेज नीट उतरवून प्रणयने नवा रेझिस्टर बसवला. मी जागेवर येऊन तीच फाइल, काहीही न बदलता, चालवली. रेषा दोन मिनिटांत शून्यावर आली.