हत्यार निवडताना आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी डभोईला शिकवते त्या शाळेतून निघून बसमध्ये बसले होते. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच सांगितलं, "अक्का गेली गं. दुपारी खुर्चीतच..." घरी पोचले तर माणसं जमली होती आणि तिच्या खोलीतून ढोल-बासरीचं जपानी संगीत चालूच होतं. टीव्हीवर तिचा सामुराई रिकाम्या हातांनी उभा, समोर हत्यारांची पेटी उघडी. ते यंत्र कसं बंद करायचं हे नानांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी टीव्हीवर चादर टाकली होती. हे काय वाजतंय म्हणून शेजारच्या भानुबेननी हळूच मला विचारलं, "आ शुं वागे छे, बेन?" मी आत गेले, बटण दाबलं आणि मग मात्र दार लावून मनसोक्त रडले.

मालूआत्या मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. बडोद्यातल्या कितीतरी मुलींना तिने लाठी शिकवली. निवृत्त झाली त्याच सुमारास माझा भाऊ निखिल नोकरीला बंगळूरला गेला आणि सयाजीगंजच्या दुकानातून आणलेलं गेमचं यंत्र घरीच ठेवून गेला. बाई धूळ झटकायला बसली ती उठलीच नाही! त्या गेममध्ये लढाईपेक्षा निवड मोठी. लांब तलवार, दोन आखूड तलवारी, भाला, साखळीला बांधलेला कोयता, लांब दांड्याचं पातं... प्रत्येकाचं वजन वेगळं, दमछाक वेगळी. पहिल्या दिवशी आत्या नुसती पेटीच बघत बसली. मला म्हणाली, दिसण्यावर जायचं नाही, हाताला काय पेलतं ते बघायचं, लाठीचंही तसंच असतं. निखिलने फोनवर सल्ला दिला की लांब दांड्याचं पातं घे, जपानात ते बायकांचं हत्यार समजतात. "मग ते तूच घे," असं म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि सर्वांत जड तलवार उचलली. मेली, अर्थात. पहिले कित्येक दिवस नुसती मरतच होती. पण तलवार बदलली नाही, आणि एक दिवस अशी काही जमली की गच्चीवरून उडी मारणाऱ्या निन्जांना पळता भुई थोडी झाली.

खंडेनवमीला तिने केलं ते तर जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. आमच्या घरी पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. आत्याने गेममधल्या देवळात जाऊन सगळी हत्यारं पेटीत ठेवली आणि सामुराईला नुसत्या हातांनी लढायला पाठवलं. संध्याकाळभर मार खात होती. मी म्हटलं, निदान एखादी काठी तरी घे. म्हणाली, आज नाही. एवढं सोवळं तिने देवघरातही कधी पाळलं नव्हतं.

खरी तलवार आमच्या घरात आहेच. पणजोबा संस्थानाच्या घोडदळात होते, त्यांची. दसऱ्याला घरातल्या कर्त्या पुरुषाने ती म्यानातून काढायची, बायकांनी ओवाळायचं. आत्या नानांहून मोठी, पण तिचा हात त्या मुठीला कधी लागला नव्हता. शहरभर मुलींच्या हातात लाठी देणारी बाई दरवर्षी ताट घेऊन दारात उभी राहायची. मला याचा संताप यायचा, तिला येतो की नाही ते कळायचं नाही.

मग त्याच वर्षी दसऱ्याच्या तोंडावर नानांचा खांदा आखडला. हात वर होईना. त्यांनी करजणच्या चुलत भावाला बोलावणं धाडलं. हे काका खताचं दुकान चालवतात, हातात धरलेलं सर्वांत अवजड हत्यार म्हणजे स्कूटर! सकाळ उलटत आली तरी त्यांचा पत्ता नाही. आत्या ताट खाली ठेवून तलवार मांडलेल्या पाटापाशी आली.

"नाना, मी आहे ना घरात."

नाना चिडले. आजवर या घरात कुणा बाईने असं केलेलं नाही, म्हणाले.

"वर्षभर रोज हत्यार निवडते आहे मी," आत्या म्हणाली. "त्या पेटीने मला एकदाही विचारलं नाही, तू बाई की बुवा."

नाना पाटासमोरून बाजूला सरकले. तलवार उपसताना अर्ध्यात अडली. आत्याने हिसका दिला नाही. म्यान कमरेला टेकवलं, मनगट जरासं वळवलं आणि पातं सरळ बाहेर आलं. तिचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा पाहिला नाही. करजणचे काका पोचले ते फाफडा-जिलेबी घेऊन, आणि ती खाण्यापुरतेच.

यंदा सण करायचा नव्हता, पण शस्त्रं न पुसता ठेवायची नाहीत म्हणून नानांनी पूजा मांडली. त्यांचा खांदा आता बरा आहे. खंडेनवमीला ते स्वतः आत्याच्या खोलीत गेले, गेमचा रिमोट फडक्याने पुसला आणि तलवारीशेजारी ठेवून त्यावर कुंकू लावलं. दसऱ्याला मी ताट घेऊन दारात उभी राहिले, तर त्यांनी तलवार माझ्यापुढे धरली.

"घे. अक्कासारखी कमरेला टेकव."

निघाली. पहिल्याच प्रयत्नात निघाली.

संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसून यंत्र लावलं. सामुराई तसाच, पेटीसमोर, रिकाम्या हातांनी. मी तिची जड तलवार घेतली आणि पुढच्याच वळणावर मेले. पुन्हा गेले, पुन्हा मेले. आत्या मागे असती तर म्हणाली असती, माझं कशाला उचलतेस, तुला काय पेलतं ते बघ... मग तिची तलवार पेटीत ठेवली, भाला घेतला आणि गेममधल्या देवळाच्या फाटकाबाहेर पडले. रिमोटवरचं कुंकू अंगठ्याला लागलं होतं. ते तसंच राहू दिलं.