रविवारच्या फोनवर मी गप्प का बसले

बाळांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला तिकडे परदेशात मराठी कळत नाही, तुमचा बाबा इंग्रजी करून वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिलं असतं तर एकही चूक झाली नसती, पण खरं सांगायला जमलं नसतं. गेल्या रविवारी धाकटीने फोनवर इंग्रजीत विचारलं, आजी, तू माझ्यावर रागावलीस का? मी उत्तर न देता फोन बंद केला. आजी रागावली आहे असं तिला पुढच्या रविवारपर्यंत वाटत राहू नये, म्हणून आजच लिहायला बसले.

शेवगावात मला सगळे इंग्रजीच्या बाई म्हणून ओळखतात. बाजारातले कितीतरी दुकानदार माझ्या हाताखालून गेलेले. फळ्यावर वाक्य लिहायचं, सब्जेक्टखाली एक रेघ, व्हर्बखाली दोन, ऑब्जेक्टभोवती चौकट, अशी माझी शिकवण्याची रीत. मराठीत शेवटी येणारं क्रियापद इंग्रजीत उचलून कर्त्याशेजारी ठेवायचं, हे मी खडूने बाण काढून दाखवायचे. मग व्हॉइस बदला, म्हणजे कर्तरीचं कर्मणी करा. 'आंबा मुलाकडून खाल्ला जातो' असली वाक्यं आम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणायचो. तास सगळा मराठीतच चालायचा. 'मे आय कम इन' सोडलं तर माझ्याशी इंग्रजीत कोणी काही बोललं नाही, आणि मीही कोणाशी बोलले नाही. परीक्षेला बोलणं नव्हतंच.

रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. तिचं बांगड्यांचं दुकान आहे. लेकीची माझ्याकडे शिकवणी लावायची होती. तेवढ्यात तुमचा फोन आला, आणि बाई आता इंग्रजीत कशा बोलतात ते ऐकायला ती सरसावून बसली.

धाकटी शाळेच्या सहलीबद्दल भराभर सांगत होती. मी मनात उत्तर जुळवत होते. आधी मराठीत वाक्य केलं, क्रियापद पुढे आणलं, काळ तपासला. तोवर ती दुसऱ्याच गोष्टीवर गेलेली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग ती थांबली आणि तिने तो प्रश्न विचारला.

बांगडीवाली हळूच म्हणाली, "बाई, बोला की. पोरगी वाट बघतीय."

मी लाल बटण दाबलं.

बांगडीवालीने समोरचा चहाचा कप उचलला. मग म्हणाली, "रेंज गेली आसंल. आमच्याकडं बी लई जाती."

तिने सगळं ऐकलं होतं. मला वाचवायला तिने दिलेलं ते कारण मी घेतलं, आणि संध्याकाळी तुमच्या बाबालाही तेच सांगितलं. चहा पिऊन ती उठली. लेकीच्या शिकवणीचं नाव काढलं नाही. तिला दारापर्यंत सोडायला जायचंही मला धाडस झालं नाही.

धाकटीला नुसतं 'नो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण एका शब्दात दिलेल्या उत्तराचा मी वर्गात अर्धा मार्क कापायचे. त्या सवयीने मी पूर्ण वाक्य शोधत बसले, आणि पलीकडे एक लहान मुलगी रडवेली होत होती. याची मला फार लाज वाटते.

आता फोन आला की जे तोंडात येईल ते बोलेन. ते चुकीचं असेल, तुम्ही हसाल, हसा. व्याकरण मला अजून सगळं येतं. तुमच्यावरची मायाही होती तेवढीच आहे.